पांढऱ्या पिंपातली साडेसाती

देवाचं नाव झालं, आता टाळ जरा खाली ठेवा मंडळी. पेटीवाले, तुम्हीही हात आवरा. आज मला गाणं सुचत नाही. आज मला राग आलाय.

कशाचा? सांगतो. आज शनिवार. तुमच्या गावात उतरलो तो थेट मारुतीच्या देवळापाशी. ही रांग! बरं वाटलं, म्हटलं गाव भाविक आहे. प्रत्येकाच्या हातात तेलाची वाटी. वाकायचं, वाटीतल्या तेलात आपलं तोंड बघायचं, तेल ओतायचं, आणि मागं वळून न बघता घर गाठायचं. आणि ते तेल? देवाच्या पायावरून पायरीवर, पायरीवरून गटारात. माझ्यादेखत एक कुत्रं त्यात घसरून चारी पाय वर करून पडलं. हसू नका, त्याच्या मागून मीच येत होतो!

एका गृहस्थांना विचारलं, "काका, काय केलंत हो?"

"साडेसाती उतरवली, बुवा."

"उतरवली, छान झालं. मग ती गेली कुठं?"

"म्हणजे?"

"म्हणजे डोक्यावरचा भारा उतरवला की तो कुठंतरी पडतो. बांधावर पडतो, नाहीतर दुसऱ्याच्या पायावर पडतो. तुमची कुठं पडली?"

काकांनी रिकामी वाटी धोतराला पुसली. त्यांना ठाऊक नाही. कसं असणार? मागं वळून बघायचंच नसतं ना!

तर आजचा प्रश्न एवढाच आहे, मंडळी. माणूस आपलं संकट उतरवतो, ते जातं कुठं? आता ऐका.

धरणाच्या पाण्यापलीकडं एक गाव आहे, देवघळ म्हणू त्याला. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला पाणी. शाळा नववीपर्यंत गावात. दहावी, दवाखाना, बाजार सगळं पाण्याच्या पल्याड. बोटीनं गेलं तर अर्धा तास, डोंगरातून गेलं तर अख्खा दिवस. बोट होती, पण तिला डिझेल कोण घालणार? एक वर्ष असं गेलं की बोट धक्क्याला बांधून ठेवलेली, आणि गावातल्या पोरी घरात बांधून ठेवलेल्या. दहावीला जायचं कसं? मग काय, लग्नं. भराभर लग्नं!

त्यात एक होती सुलाबाई ढेब्यांची लेक. सुलाबाई म्हणजे धक्क्यावर भजी तळणारी बाई. नवरा नाही, शेत नाही, एक कढई आणि एक लेक. लेक हुशार. बोट बंद पडली, शाळा सुटली, सतराव्या वर्षी सासरी गेली, अठराव्या वर्षी मांडीवर पोर घेऊन माहेरी आली आणि आईला म्हणाली, "आये, गणितं समदी इसरले बघ." एवढंच म्हणाली. सुलाबाईनं त्या दिवशी भज्यांची गाडी उघडली नाही.

पण बसून राहणारी बाई नव्हती ती. तालुक्याच्या आयटीआयमधले एक मास्तर तिच्याकडं भजी खायला यायचे. एकदा ती कढईतलं जळकं तेल मातीत ओतायला निघाली, तर मास्तर म्हणाले, "बाई, हे फेकू नका. यावर इंजिन चालतं." तिला वाटलं चेष्टा करतायत. मास्तरांनी चार रविवार खपून तिला आणि बोटवाल्या बाळकूला सगळं शिकवलं. तेलाचं डिझेल करायला लागणारं औषध विषारी, पेटणारं. म्हणून ते काम स्वतः मास्तर येऊन करायचे, गावाबाहेर, उघड्यावर. सुलाबाईच्या वाट्याला आलं ते तेल जमवणं आणि साठवणं.

तुम्हाला वाटेल, साठवण्यात काय आहे! बायांनो, तुम्ही सांगा, लोणचं बिघडतं ते घालताना की ठेवताना? ठेवताना! तसंच हे. तेल निवू द्यायचं, जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळायचं, खडखडीत कोरड्या डब्यात भरायचं, वर घट्ट झाकण. त्यात पाणी नको, मीठ नको. पाणी असलं की त्याचं डिझेल होत नाही, साबणाचा चिखल होतो. त्यामुळं सुलाबाई फार कडक. पाटलांची सून दिवाळीतल्या शंकरपाळ्यांचं तेल घेऊन आली. सुलाबाईनं डब्यात बोट घातलं आणि म्हणाली, "वैनी, डबा वला हाय. उन्हात वाळवा, मग या." पाटलांची सून! भजीवालीनं परत पाठवली! पण आली हो दुसऱ्या दिवशी, डबा वाळवून.

घरोघरचं तेल येऊ लागलं. बारशाचं, लग्नाचं, सत्यनारायणाच्या पुऱ्यांचं. ठेवायचं कुठं? सुलाबाईचं छप्पर गळकं. म्हणून देवळाची पडवी मागितली. मारुतीचं देऊळ पक्कं, कोरडं, सावलीचं. पडवीच्या टोकाला, दिव्यांपासून लांब, दोन पिंपं ठेवली. निळ्या पिंपात लोकांनी आणलेलं तेल. पांढऱ्या पिंपात तयार झालेलं डिझेल. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, निळ्यात घालायचं, पांढऱ्याला हात लावायचा नाही.

आणि बोट चालली, मंडळी! धुराला भज्यांचा वास यायचा. पल्याडची माणसं म्हणायची, देवघळची बोट येते की ताट येतं? पण चालली. त्या वर्षी नऊ पोरी दहावीच्या वर्गात जाऊ लागल्या. नऊ!

आता येतात आपले जोत्याजीराव शेलार. देवस्थान समितीचे अध्यक्ष. मोठं घर, मोठं मन, मोठा आवाज. वाईट माणूस नाही, आधीच सांगतो. भंडाऱ्याला पहिलं पोतं त्यांचं. पण त्यांचे दिवस फिरले. दुभती म्हैस मेली, ट्रॅक्टर उलटला, भावानं कोर्टात खेचलं. गेले तालुक्याच्या एका ज्योतिषाकडं. तो म्हणाला, साडेसाती आहे. अकरा शनिवार लोखंडी वाटीत तेल घ्यायचं, त्यात ओंजळभर मीठ, काळे उडीद घालायचे, आपलं तोंड बघायचं आणि दान करायचं. देवावर ओतायचं नाही, घेणाऱ्याला द्यायचं. आणि मागं वळून बघायचं नाही.

घेणाऱ्याला द्यायचं म्हटलं. घेणार कोण? शनीच्या नावानं तेल मागणारा एक म्हातारा यायचा, तो नेमका त्या वर्षी आजारी. गड्याला म्हणाले, "घे रे." गडी पळाला! मळ्यातून पार गेला! साडेसाती कोण हातानं घेईल?

मग त्यांना आठवलं, गावात एक बाई आहे. ती सगळ्यांचं तेल घेते. नाही म्हणत नाही.

अहो, अक्कल बघा माणसाची! जी बाई गावाचं घेते ती गावासाठी घेते. यांनी त्याचा अर्थ काय लावला? टाकायला जागा सापडली!

पहिल्या शनिवारी आरतीला सगळे आत. जोत्याजीराव पडवीत. निळ्या पिंपाचं झाकण काढलं, तोंड बघितलं, ओतलं. मीठ, उडीद, सगळं. एवढ्यावर थांबतील तर जोत्याजीराव कसले! त्यांना वाटलं, वाटीला तेल चिकटलंय, म्हणजे थोडी साडेसाती वाटीत राहिली. ती परत घरी न्यायची? छे! तांब्यात पाणी घेतलं, वाटी विसळली, तेही पिंपात. एकदा नाही, तीनदा. तीन तांबे!

जे अध्यक्ष करतात ते चांगलंच असणार. कुणीतरी पाहिलं, त्यानं केलं. महिन्याभरात अर्ध्या गावाची साडेसाती त्या पिंपात. उडीद, मीठ, खिळे, विसळलेलं पाणी!

दहावा शनिवार झाला, आणि डिझेल करायच्या आधी सुलाबाईनं गाळायला फडकं लावलं तर फडक्यावर उडीद. चमचाभर तेल तापवून बघितलं, तर तडतड उडालं. भजी तळणारी बाई, तिला तेलातलं पाणी सांगायला मास्तर लागत नाही. पन्नास लिटर तेल वाया! ती देवळासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कुनी केलं ते मला सांगू नगा. पर आता करू नगा. ह्यात पोरींच्या परीक्षा हाईत." आणि तिनं एक पाटी लिहून घेतली आणि लावली. काय लिहिलं ठाऊक आहे? 'येथे साडेसाती टाकू नये.'

हसलात? हसा. गावही हसलं. जोत्याजीरावही हसले.

तिनं निळं पिंप रिकामं करून घासलं आणि त्याला कुलूप लावलं. पांढऱ्यात तयार डिझेल होतं. परीक्षेच्या सगळ्या फेऱ्या होतील एवढं, मोजून मापून राखलेलं. त्याला कुलूप लावलं नाही. त्याला कोण हात लावतंय!

अकरावा शनिवार आला. परीक्षा सोमवारपासून. देवळात त्या दिवशी बाहेरगावचा एक बुवा कीर्तनाला आलेला. जोत्याजीरावांच्या घरी उतरलेला, त्यांच्याकडची पुरणपोळी रिचवून आरतीला उभा होता. हा बुवा ध्यानात ठेवा. जोत्याजीराव वाटी घेऊन पडवीत गेले. निळ्याला कुलूप! शेवटचा शनिवार, वाटी हातात. दहा वाट्या ओतल्या, अकरावी राहिली तर सगळं फुकट जाणार. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पांढऱ्या पिंपाचं झाकण फिरवलं.

ओतली. तीनदा विसळली. झाकण लावलं, आणि मागं वळून न बघता गेले. पाटीच्या खालून गेले, मंडळी!

सोमवार. सकाळची वेळ. बोटीत नऊ पोरी. वेण्या घट्ट, कपाळाला अंगारा, मांडीवर परीक्षेचं पॅड. सुलाबाई बरोबर. "पैल्या पेपराला मी पोचवनार," असा तिचा हट्ट. जोत्याजीरावही होते, कोर्टाच्या तारखेला निघालेले, पांढरे कपडे, चेहरा कसा फुललेला. अकरा शनिवार पुरे झालेले ना! आणि परत निघालेला तो बुवा.

पोरींमध्ये एक वैजू होती. वैजयंता. जोत्याजीरावांच्याच गड्याची, बबनची लेक. बबननं तिला सांगून ठेवलेलं, "एकाच टायमाला पास झालीस तर फुडं शिक. न्हाईतर वैशाखात उरकून टाकनार." सोळा वर्षांची पोर! उरकून टाकायला ती काय भांडी आहेत?

पाण्याच्या मध्यावर इंजिन खोकलं. दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बाळकूनं दोरी ओढून हात सोलून घेतले. शेवटी टाकीचं खालचं बूच उघडलं, वाटी धरली. त्यात काय आलं? पाणी. त्यानं बोट लावून चाटून बघितलं. खारट! आणि वाटीच्या तळाला चार काळे उडीद.

सुलाबाईनं ती वाटी बघितली. मग तिनं वर बघितलं. जोत्याजीराव डोंगराकडं बघत होते. डोंगरात काय होतं हो एवढं बघण्यासारखं?

"मावशी, आता?" वैजूनं विचारलं.

सुलाबाई म्हणाली, "पॅड काढा."

परीक्षेची पॅडं! त्या लाकडी फळ्या पाण्यात घातल्या पोरींनी आणि वल्हवायला लागल्या. बाळकूकडं एकच वल्हं, ते तो मारतोय. सुलाबाई इंजिनाच्या पत्र्याच्या झाकणानं पाणी ओढतेय. जोत्याजीरावांनी शेवटी बाह्या सरसावल्या, पण सदरा भिजला म्हणून थांबले. आणि बुवा? बुवा आपली पेटी भिजेल म्हणून ती मांडीवर घेऊन बसला. तोंडानं नामस्मरण चाललेलं. नऊ पोरी वल्हवतायत आणि हा पेटी सांभाळतोय!

वैजू सगळ्यात पुढं. तिच्या पॅडाची चिमट्याची कड तळहातात घुसत होती. ती थांबली नाही.

पोचले तेव्हा शाळेचं फाटक लागलेलं. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी पोरींचे ओले परकर बघितले, वरच्या साहेबांना विनंती केली, आत घेतलं. पण पाऊण तास गेला तो गेला. आठ पोरींनी जमेल तसं लिहिलं. वैजूला लेखणी धरवेना. उजवा तळहात मधोमध फाटला होता. उत्तरपत्रिकेच्या चौथ्या पानावर रक्ताचा डाग पडला, तिला वाटलं आता हा पेपर कोण तपासणार, आणि ती रडायला लागली. शेवटचे दोन प्रश्न राहिले.

आता गाव काय म्हणालं ऐका, म्हणजे मला राग का आलाय ते कळेल. गाव म्हणालं, सुलाबाईचं चुकलं! खरकट्या तेलावर बोट चालवते, देवाच्या पडवीत ठेवते, मग कोप होणारच. ज्यांनी निळ्या पिंपात मीठ ओतलं ते म्हणाले! पिंपं पडवीतून बाहेर काढा म्हणाले! आणि बबननं वैशाखातली तारीख धरली.

जोत्याजीराव? गप्प. कोर्टात त्या दिवशी निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता. खरंच लागला! साडेसाती उतरली की हो. उतरून कुठं गेली, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. सोळा वर्षांच्या पोरीच्या तळहातावर गेली.

पुढचा शनिवार. देवळापुढं गाव जमलेलं, पिंपं काढायचा ठराव व्हायचा होता. सुलाबाई आली ती हातात वाटी घेऊन. बोटीच्या टाकीतलं ते खारं पाणी, वर तेलाचा तवंग, तळाला चार उडीद. जपून ठेवलं होतं तिनं. तेल साठवायची सवयच तिला. मागं वैजू, हाताला फडकं बांधलेलं.

सुलाबाई कुणावर ओरडली नाही. सरळ जोत्याजीरावांसमोर गेली, वाटी पुढं केली आणि म्हणाली, "दादा, जरा तोंड बघा ह्यात."

आणि एवढा मोठा माणूस दोन पावलं मागं सरकला. अंगावर पाल पडावी तसा झटकून म्हणाला, "सुलाबाई, दूर घे ती! दिलेलं दान माघारी आणायचं नसतं!"

झालं! अख्ख्या गावानं ऐकलं. कुणी काही विचारलं नव्हतं. दान कुणाचं, कधी दिलं, काही नाही. त्यांचं त्यांनीच सांगितलं.

सुलाबाई म्हणाली, "दान? मी कदी घेतलं? घेनाऱ्याला इचारून देत्यात, दादा. मला इचारलं असतंत तर मी घेतलं बी असतं. माज्या डोक्यावर घेतलं असतं. माजं काय बिघडायचं राहिलंय? पर तुमी पोरींच्या बोटीत ओतलंत."

जोत्याजीरावांनी मान वर केली आणि म्हणाले, "पुरावा काय? टाकीत उडीद कुणाचेही असतील."

तेव्हा गर्दीत एक माणूस उभा राहिला. तो बुवा.

मंडळी, तो बुवा मी आहे.

त्या अकराव्या शनिवारी आरतीला मी दाराशी उभा होतो. तोंडानं आरती म्हणत होतो, डोळ्यांनी बघत होतो. जोत्याजीरावांनी पांढऱ्या पिंपाचं झाकण फिरवलेलं मी पाहिलं. पाटीही वाचली होती मी, हसलोही होतो तिच्यावर. मला कळलं नाही का? कळलं. पण पोटात त्यांची पुरणपोळी होती. मनाशी म्हटलं, यजमान आहेत, आपल्याला काय करायचंय. सोमवारी बोटीत पेटी कवटाळून बसलो. पोरी वल्हवताना वैजूच्या हातातून रक्त गळत होतं, ते माझ्या पेटीवर पडू नये म्हणून मी पेटी बाजूला सरकवली. हे मी केलं. देवाचं नाव घेत केलं.

आणि पूर्ण आठवडाभर गप्प बसलो. सुलाबाईला लोक बोल लावतायत हे पल्याड कानावर आलं, तेव्हाही गप्प. पुढच्या शनिवारी मी परत गेलो ते सांगायला गेलो नव्हतो, खोटं कशाला बोलू, माझी शाल राहिली होती ती आणायला गेलो होतो. पण ती वाटी बघितली, आणि तवंगात मला माझं तोंड दिसलं.

मी म्हणालो, "जोत्याजीराव, मी पाहिलंय." एवढंच. जास्त बोलायचं धैर्य आजही नाही.

ते खाली बसले. मग उठले आणि बबनला म्हणाले, "बबन, वैशाखातलं लग्न होणार नाही. पोर परत बसेल परीक्षेला." बबन म्हणाला, "मालक, तुमी म्हनाल तसं." बघा, तेवढ्याशा शब्दाचं काम होतं! एक माणूस बोलला असता तर एक आठवडा त्या पोरीनं रडून काढला नसता. पिंपं पडवीतच राहिली. उरलेल्या पेपरांना बाळकूनं पोरींना पहाटेच वल्ह्यांवर नेलं, आणि वैजूनं ते हाताला फडकं बांधून लिहिले. निकाल लागला, वैजू बाकी सगळ्या विषयांत पास आहे. त्या एकाच पेपरची फेरपरीक्षा जुलैत आहे.

आता तुमच्याकडं येतो. माना खाली घालू नका, वर बघा.

तुम्ही म्हणाल, बुवा, ती गोष्ट देवघळची, आम्ही कुठं कुणाच्या पिंपात ओततो? कोण म्हणतं असं? घरातली कटकट सुनेच्या डोक्यावर ओतता की नाही? धंद्यातली चूक गड्याच्या नावावर? घाण विहिरीत नको म्हणून नदीत, नदीत नको म्हणून खालच्या वस्तीत? आणि ओतून झालं की वाटी तीनदा विसळता. आपल्याकडं थेंब नको! आणि ज्यांना दिसतं ते माझ्यासारखे आरती म्हणत उभे. हात जोडले की देव दिसतो आम्हाला, पाठीमागची पडवी दिसत नाही.

मारुतीला तेल घालू नका असं मी म्हणत नाही. एक थेंब घाला, त्याला पोचतो. पण मागं वळून बघायचं नाही, हे मला आता पटत नाही. वळा! चांगली मान वळवून बघा, आपलं ओतलेलं कुणाच्या अंगणात चाललंय.

पांढरं पिंप रिकामं आहे, मंडळी. ते सगळं डिझेल नासलं. जुलैला तीन आठवडे आहेत, पावसाच्या पाण्यात वल्ही चालत नाहीत, मास्तर तयार आहेत, तेल नाही. म्हणून मी या पंचक्रोशीत कीर्तन करत हिंडतोय, आणि नारळ, शाल, काही घेत नाही. दाराबाहेर उजव्या हाताला एक निळं पिंप ठेवलंय. त्याच्याशेजारी एक मुलगी बसली आहे. हाताची जखम भरलीय, पण मूठ अजून पुरती मिटत नाही. आत या म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "बुवा, मी डबे तपासते."

तेव्हा उद्या सकाळी घरचं कढईतलं तेल आणा. निवलेलं, गाळलेलं, कोरड्या डब्यात. ती बोट घालून बघेल. ओलं असलं तर परत पाठवेल, मग तुम्ही पाटील असा नाहीतर सरपंच असा.

आणि ओतायच्या आधी डब्यात एकदा आपलं तोंड बघा. मग मान वर करून तिच्याकडं बघा. तिच्याकडं बघून ओतता आलं, तर ओता.